का हरलो, हे नवख्याला कळले पाहिजे

फायटिंग गेमचे नियम सांगायला अर्धे मिनिट पुरते. दोन पात्रे समोरासमोर उभी राहतात, प्रत्येकाच्या वाट्याला जीव दाखवणारी एक पट्टी असते, समोरच्याची पट्टी आधी रिकामी करणारा फेरी जिंकतो आणि बहुतेक खेळांत तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा सामना जिंकतो. ज्याने कधी कंट्रोलर हातात धरलेला नाही, त्यालाही पडद्याकडे पाहून कोण वरचढ आहे हे सांगता येते. असे असूनही हा खेळ हौसेने विकत घेऊन थोड्याच दिवसांत बाजूला ठेवून देणारे लोक मला सतत भेटत आले आहेत आणि त्यांच्याशी बोलताना एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते, ती म्हणजे "मला काही करताच आले नाही."

हे खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनीही ही तक्रार अनेक वर्षे ऐकली आहे आणि तिचा अर्थ त्यांनी बहुधा असा लावला की बटणे अवघड आहेत, ती सोपी केली पाहिजेत. त्या दिशेने झालेले काम मोलाचे आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. परंतु नवखा खेळाडू खेळ सोडतो तो प्रामुख्याने बोटे वळत नाहीत म्हणून नव्हे. आपण कशामुळे हरलो हे त्याला दिसत नाही आणि त्यामुळे पुढच्या सामन्यात वेगळे काय करायचे हेही ठरवता येत नाही, म्हणून तो सोडतो, असे माझे मत आहे. ज्या पराभवाचे कारण समजते तो पराभव माणूस सहज पचवतो, आणि ज्याचे कारण समजत नाही तो कितीही लहान असला तरी नको वाटतो.

बटणांचा प्रश्न आधी घेतो, कारण तो खरा आहे आणि त्याला इतिहास आहे. 1987 मध्ये आलेल्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर'मध्ये स्पेशल मूव्ह, म्हणजे पात्राचे खास प्रहार, जवळजवळ गुपितासारख्या दडवलेल्या होत्या. ज्याला सापडली त्याला सामना निम्मा जिंकल्यासारखाच होता. 1991 च्या 'स्ट्रीट फायटर टू'ने त्या मूव्ह नियमितपणे निघतील अशा केल्या आणि जॉयस्टिक विशिष्ट क्रमाने फिरवून बटण दाबण्याची जी रीत रुळली ती आजतागायत टिकून आहे. हडोकेनसाठी, म्हणजे हातातून सुटणाऱ्या ऊर्जेच्या गोळ्यासाठी, खाली, तिरके पुढे, पुढे आणि मग ठोशाचे बटण. शोर्युकेनसाठी, म्हणजे वर उसळून मारलेल्या ठोशासाठी, पुढे, खाली, तिरके पुढे आणि ठोसा. वाचायला हे सोपे वाटते. परंतु प्रतिस्पर्धी हवेतून अंगावर येत असताना, तो येतो आहे हे ओळखून, त्याच क्षणी हा दुसरा क्रम बिनचूक करणे, आणि तेही पात्र पडद्याच्या डावीकडे असताना एका बाजूने व उजवीकडे गेल्यावर उलट बाजूने करणे, हे नवख्याच्या हाताला लवकर जमत नाही.

कॉम्बोचा जन्म तर योजनेतूनही झालेला नाही. 'स्ट्रीट फायटर टू' तयार होत असताना, मोटार फोडण्याच्या बोनस फेरीची चाचणी घेताना, एका प्रहाराला लागून दुसरा प्रहार बसवता येतो हे निर्मात्यांच्या लक्षात आले. त्याची वेळ साधणे इतके कठीण होते की खेळाडूंना त्याचा फारसा उपयोग होणार नाही असे समजून त्यांनी तो प्रकार खेळात तसाच राहू दिला. पुढे कॉम्बो हाच या प्रकाराचा चेहरा बनला. 2008 मध्ये आर्केडमध्ये आलेल्या 'स्ट्रीट फायटर फोर'मध्ये असे काही कॉम्बो होते की ज्यांतील पुढचे बटण नेमक्या एका फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात, दाबावे लागे. त्यासाठी लोक ट्रेनिंग मोडमध्ये तासन्‌तास घालवत. त्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण ती मेहनत खेळाच्या दारातच मागितली जाऊ नये, हेही तितकेच खरे आहे.

दार रुंद करण्याचे प्रयत्न जुनेच आहेत. 'कॅपकॉम व्हर्सेस एसएनके टू'च्या गेमक्यूब आणि एक्सबॉक्सवरील आवृत्तीत सोप्या नियंत्रणांची वेगळी पद्धत होती. 2008 च्या 'सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो एचडी रिमिक्स'मध्ये गेम डिझायनर डेव्हिड सर्लिन यांनी काही मूव्हच्या कमांड, म्हणजे दिशा आणि बटणांचे क्रम, मुद्दाम सोप्या केल्या. 'पर्सोना फोर अरीना' आणि पुढे 2018 मध्ये 'ड्रॅगन बॉल फायटरझेड' यांनी एकच बटण पुन्हा पुन्हा दाबून निघणारे ऑटो कॉम्बो दिले. 2020 मध्ये आलेल्या 'ग्रॅनब्लू फँटसी व्हर्सेस'ने प्रत्येक स्पेशल मूव्ह एका बटणावर आणली आणि त्या बदल्यात तीच मूव्ह पुन्हा वापरण्यापूर्वी थोडे थांबण्याची अट घातली. रायट गेम्सच्या 'टूएक्सकेओ'ने तर जॉयस्टिक फिरवण्याची पद्धतच टाकून दिली. तिथे एक दिशा आणि एक बटण एवढ्यावर स्पेशल मूव्ह निघते.

या सगळ्यांत मला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो तो जून 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्ट्रीट फायटर सिक्स'मधील मॉडर्न कंट्रोल. त्यात ठोसा आणि लाथ यांची सहा बटणे जाऊन हलका, मध्यम आणि जोरदार अशी तीन बटणे येतात, स्पेशल मूव्हसाठी स्वतंत्र बटण मिळते, आणि असिस्टचे बटण धरून ठेवून प्रहाराचे बटण पुन्हा पुन्हा दाबल्यास ठरलेला कॉम्बो आपोआप निघतो. शोर्युकेनसाठी पुढची दिशा आणि स्पेशलचे बटण एवढेच लागते. याची किंमतही खेळाने ठरवून दिलेली आहे: सोप्या पद्धतीने काढलेली स्पेशल मूव्ह मूळच्या 80 टक्केच इजा करते, काही साधे ठोसे-लाथा हाताशी राहत नाहीत, आणि मूव्हचा हलका किंवा जोरदार प्रकार निवडण्याचे स्वातंत्र्य बरेचसे जाते. मात्र मॉडर्न निवडलेल्या खेळाडूने तीच मूव्ह जुन्या पद्धतीने जॉयस्टिक फिरवून काढली, तर तिला पूर्ण इजा मिळते. हा शेवटचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे नवख्याला जुनी पद्धत हवी तेव्हा, हवी तेवढी शिकता येते आणि तोपर्यंत खेळ थांबत नाही.

या पद्धतीविरुद्ध जुन्या खेळाडूंचा जो आक्षेप आहे, तो केवळ अहंकारातून आलेला आहे असे म्हणून झटकून टाकणे मला मान्य नाही. शोर्युकेनची कमांड अवघड असण्याला खेळात एक काम आहे. उडी मारून येणाऱ्याला खाली पाडणारी ही मूव्ह अत्यंत प्रभावी आहे, आणि ती काढायला लागणारा क्षणभराचा वेळ, तसेच ती चुकण्याची शक्यता, हीच उडी मारणाऱ्याची संधी असते. एका बटणावर ती मूव्ह आली की ती संधी आक्रसते. ज्यांच्या मूव्हसाठी जॉयस्टिक पाठीमागे धरून ठेवून मग पुढे ढकलावी लागते, ती पात्रे तर त्या धरून ठेवण्याच्या सक्तीवरच तोलून घडवलेली असतात. ती सक्ती काढली की पात्राचा स्वभाव बदलतो. म्हणून केवळ बटण सोपे करून चालत नाही, त्याभोवतीचा सगळा तोल नव्याने मांडावा लागतो, आणि वीस टक्के कमी इजेसारखी अट ही त्या मांडणीचाच भाग आहे. माझ्या अंदाजाप्रमाणे नव्या खेळांनी हे गणित बऱ्यापैकी सोडवले आहे.

आता असे समजू की नवख्याने मॉडर्न कंट्रोल निवडले, त्याच्या हातून शोर्युकेन हवी तेव्हा निघू लागली, आणि तो ऑनलाइन सामन्याला बसला. तो तरीही हरतो. किंबहुना पहिल्या दिवसांत तो जवळजवळ तितकाच हरतो. प्रतिस्पर्ध्याने उडी न मारताच तो शोर्युकेन काढतो, प्रतिस्पर्धी ती ब्लॉक करतो, म्हणजे अडवतो, आणि हवेतून खाली येणाऱ्या, काहीही करू न शकणाऱ्या पात्रावर निवांतपणे आपला सर्वांत मोठा कॉम्बो उतरवतो. नवख्याला दिसते ते एवढेच की त्याने त्याची सर्वांत जोरदार मूव्ह वापरली आणि शिक्षा त्यालाच झाली. ब्लॉक झालेल्या शोर्युकेननंतर वीसपेक्षा जास्त फ्रेम आपण उघडे राहतो, ही गोष्ट त्याच्या पडद्यावर कुठेही लिहिलेली नसते.

इथे फ्रेमबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण अडचणीचे मूळ तिथेच आहे. हे खेळ सेकंदाला 60 फ्रेम या गतीने चालतात. प्रत्येक मूव्हचे तीन भाग असतात: प्रहार सुरू होईपर्यंतचा काळ, प्रहार लागू शकतो तो काळ, आणि नंतर सावरण्याचा काळ. 'स्ट्रीट फायटर सिक्स'मधील जलद हलका ठोसा चार फ्रेममध्ये सुरू होतो, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात. डोळ्यांनी काही दिसल्यापासून बोटाने बटण दाबेपर्यंत माणसाला साधारणपणे पाव सेकंद, म्हणजे पंधराएक फ्रेम लागतात. याचा अर्थ असा की तो ठोसा पाहून कोणीही अडवू शकत नाही, मग तो जगज्जेता का असेना. याउलट त्याच खेळातील ड्राइव्ह इम्पॅक्ट हा मोठा प्रहार सुरू व्हायला 26 फ्रेम लागतात आणि उडी तर साधारण चाळीस फ्रेम हवेत दिसत राहते. या दोन्ही गोष्टी पाहून उत्तर देण्यासारख्या आहेत. अनुभवी खेळाडू विजेच्या वेगाने सगळ्यालाच प्रतिसाद देतो असा नवख्याचा समज असतो. प्रत्यक्षात तो मोजक्याच गोष्टींची वाट पाहत असतो आणि उरलेल्या गोष्टी अंदाजाने, सवयीने व ज्ञानाने हाताळत असतो.

याच हिशेबातून पाळीची, म्हणजे या क्षणी हल्ला करण्याची संधी कोणाची याची, कल्पना येते आणि ती नवख्याला सर्वांत उशिरा समजते. समजा, एका खेळाडूची मूव्ह ब्लॉक झाली आणि ती मूव्ह अशी आहे की ब्लॉक करणाऱ्यापेक्षा मारणारा दोन फ्रेम आधी मोकळा होतो. आता दोघांनीही मोकळे होताच चार फ्रेमचा ठोसा दाबला, तर मारणाऱ्याचा ठोसा दोन फ्रेम आधी पोहोचतो आणि ब्लॉक करणारा मार खातो. ब्लॉक करणाऱ्याने बटण वेळेवर दाबलेले असते, त्याचे बोट मुळीच मंद नसते, तरीही प्रत्येक वेळी तोच मार खातो. त्याला वाटते की समोरच्याचा हात जलद आहे. वास्तविक त्या क्षणी पाळी त्याची नव्हतीच. त्याने आणखी थोडे अडवायला हवे होते. मग तो अडवत बसायला शिकतो, तर समोरचा जवळ येऊन थ्रो करतो, म्हणजे त्याला पकडून आपटतो, कारण थ्रो ब्लॉक करता येत नाही. प्रहार थ्रोला हरवतो, थ्रो ब्लॉकला हरवतो आणि ब्लॉक प्रहाराला हरवतो, हे साधे त्रिकूट प्रत्येक फायटिंग गेमच्या पोटात आहे, पण वेगवान ॲनिमेशन, ठिणग्या आणि आरोळ्या यांच्या आड ते नवख्याला दिसतच नाही.

बुद्धिबळात हरलेल्या माणसाला निदान पट स्थिर दिसतो. आपला वजीर कोणत्या घोड्याने मारला, तो घोडा आधी कुठे उभा होता, हे त्याला पुन्हा मांडून पाहता येते. इथे डाव ठरवणारी खेळी सेकंदाच्या दहाव्या भागात येते आणि जाते, आणि तिच्यामागचे कारण म्हणजे दोन फ्रेमचा फरक, जो उघड्या डोळ्यांना दिसूच शकत नाही. यावर भर म्हणून खेळात शिकण्यासारखे साहित्यही प्रचंड असते. 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये सुरुवातीला निवडण्याजोगी आठ पात्रे होती. जानेवारी 2024 मध्ये आलेल्या 'टेकन 8'मध्ये पहिल्याच दिवशी 32 पात्रे होती आणि त्यांतील प्रत्येकाची मूव्हची यादी पानेच्या पाने भरेल इतकी लांब आहे. समोरच्या पात्राच्या प्रहारमालिकेतील तिसरा ठोसा वरचा आहे की खालचा, हे माहीत नसले की तो लागणारच. तो अडवण्यासाठी कौशल्य फारसे लागत नाही, केवळ माहिती लागते, आणि खेळताना ती माहिती मिळवण्याचा एकमेव मार्ग म्हणजे आधी तो ठोसा खाणे, असे अनेक वर्षे चालत आले.

हे शिकवण्याचे प्रयत्न कधी झालेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'व्हर्चुआ फायटर फोर इव्होल्यूशन'चा ट्रेनिंग मोड आजही आदराने आठवला जातो. 2012 च्या 'स्कलगर्ल्स'चे ट्युटोरियल आणि 2013 च्या 'किलर इन्स्टिंक्ट'मधील डोजो यांनी फ्रेम, पाळी, अडवणे अशा गोष्टी क्रमाने समजावून दिल्या. परंतु बहुसंख्य खेळांतील ट्युटोरियलचा साचा अजूनही असा आहे की आधी चालायचे, मग उडी मारायची, मग एकेक स्पेशल मूव्ह काढून दाखवायची आणि शेवटी कॉम्बोच्या चाचण्या पार करायच्या. यातून काय करता येते एवढेच कळते. कुठे पाहायचे, कधी काहीच करायचे नाही, समोरच्याने काय केले म्हणजे आपली पाळी आली असे समजायचे, हे त्या साच्यात बसतच नाही. माझ्या मते नवख्याने कॉम्बोच्या चाचण्यांमध्ये घालवलेला पहिला आठवडा बहुतांशी वाया जातो, कारण कॉम्बो सुरू करण्यासाठी लागणारा पहिला प्रहार कसा बसवायचा, हे त्यातून कळत नाही.

म्हणूनच 'टेकन 8'मधील रिप्लेची सोय मला बटणे सोपी करण्यापेक्षाही मोठी सुधारणा वाटते. आपलाच झालेला सामना पुन्हा पाहताना खेळ ठरावीक जागी सूचना दाखवतो की या मूव्हनंतर तुम्हाला अमुक प्रहार नक्की मिळाला असता. आणि तिथेच रिप्ले थांबवून नियंत्रण स्वतःच्या हातात घेऊन तो प्रहार करून पाहता येतो. जो क्षण डोळ्यांसमोरून निसटला, तोच पुन्हा समोर येतो आणि त्यावर हात फिरवता येतो. 'स्ट्रीट फायटर सिक्स'मध्ये दोन्ही पात्रांच्या फ्रेम रंगीत पट्ट्यांच्या रूपाने दाखवणारा मीटर आहे, त्यामुळे कोण आधी मोकळा झाला हे अक्षरशः दिसते. एके काळी चाहते व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवून ही माहिती गोळा करत आणि तिचे तक्ते बनवून एकमेकांना देत. आज ती खेळातच आहे, ही मोठी गोष्ट आहे.

याच संदर्भात एक वेगळी, पण जवळची बाब सांगाविशी वाटते. 'स्ट्रीट फायटर सिक्स'मध्ये दृष्टिहीन खेळाडूंसाठी आवाजाच्या स्वतंत्र सोयी आहेत: दोन पात्रांमधील अंतर, ड्राइव्ह गेज (खास मूव्हसाठी लागणाऱ्या शक्तीची पट्टी) किती उरला, प्रतिस्पर्धी डोक्यावरून पलीकडे गेला का, अशा गोष्टी वेगवेगळ्या ध्वनींतून कळतात. त्यांच्या आधारे दृष्टिहीन खेळाडू डोळस प्रतिस्पर्ध्यांबरोबर स्पर्धेत उतरले आहेत. त्यांच्यासाठी खेळातील प्रहार कमजोर केले गेले नाहीत किंवा प्रतिस्पर्ध्यावर बंधन आले नाही; सामन्यात जे घडते आहे ते त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था झाली, एवढेच. नवख्याची गरज निराळ्या प्रकारची असली तरी तिचे स्वरूप मला असेच वाटते.

नेटकोडचा, म्हणजे दोन खेळाडूंना इंटरनेटवरून जोडणाऱ्या यंत्रणेचा, प्रश्नही इथेच जोडला जातो, जरी तो सहसा निष्णात खेळाडूंची तक्रार म्हणून मांडला जातो. पूर्वीच्या बहुतेक ऑनलाइन फायटिंग गेममध्ये प्रतिस्पर्ध्याचे इनपुट, म्हणजे त्याने दाबलेली बटणे व दिशा, येईपर्यंत खेळ आपलेही इनपुट रोखून धरत असे, त्यामुळे जोडणी खराब झाली की बटण दाबणे आणि पात्र हलणे यांत बदलते अंतर पडे. टोनी कॅनन यांनी 2006 मध्ये पुढे आणलेल्या जीजीपीओ या नेटकोडने दुसरी वाट दाखवली: समोरचा खेळाडू आत्ता जे करतो आहे तेच करत राहील असे धरून खेळ पुढे न्यायचा, आणि खरे इनपुट वेगळे निघाल्यास मागे जाऊन दुरुस्ती करायची. हाच रोलबॅक. 2019 मध्ये जीजीपीओचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला झाला, 2020 मध्ये प्रत्यक्ष स्पर्धा बंद पडल्यावर या प्रश्नाची निकड सर्वांनाच जाणवली, आणि 2021 मध्ये 'गिल्टी गियर स्ट्राइव्ह' चांगल्या रोलबॅकसह आल्यावर मोठ्या खेळांकडून हीच अपेक्षा ठेवली जाऊ लागली. अनुभवी खेळाडूला खराब जोडणी ओळखता येते. आपली शोर्युकेन उशिरा निघाली ती आपल्यामुळे नव्हे, हे त्याला माहीत असते. नवख्याला तो फरक कळण्याचा काहीच मार्ग नसतो. आपल्या हाताची चूक आणि जोडणीचा दोष त्याच्या लेखी एकच होतात, आणि जे काही शिकत होता तेही संशयास्पद ठरते. म्हणून चांगल्या नेटकोडचा सर्वांत मोठा लाभ नवख्यालाच होतो, असे मी आग्रहाने म्हणेन.

प्रतिस्पर्धी कोण मिळतो, यावरही बरेच अवलंबून आहे. नवा खेळ येतो तेव्हा सगळ्याच पातळ्यांवर गर्दी असते आणि नवख्याला नवखा भेटतो. वर्षभराने जे उरतात ते बहुतेक मुरलेले असतात, आणि तेव्हा येणाऱ्याला बरोबरीचा माणूस मिळणे कठीण होते. स्वतःपेक्षा थोड्या सरस खेळाडूकडून हरताना शिकता येते. फारच सरस खेळाडूकडून हरताना आपण काय केले याला काही अर्थच उरत नाही. यासाठी कंपन्यांनी मूळ खेळ मोफत देण्याचा जो मार्ग काही ठिकाणी धरला आहे, तो मला योग्य वाटतो. 'टूएक्सकेओ' मोफत आहे, 'ग्रॅनब्लू फँटसी व्हर्सेस रायझिंग'ची मर्यादित आवृत्ती मोफत मिळते, आणि त्यामुळे खालच्या पायरीवर नवी माणसे येत राहण्याची शक्यता वाढते.

नवख्यांचा विचार अगदी मुळापासून करणारा खेळ म्हणून 'सुपर स्मॅश ब्रदर्स'चे उदाहरण टाळता येत नाही. त्याचे निर्माते मासाहिरो साकुराई यांनी एक आठवण सांगितलेली आहे: आर्केडमध्ये 'किंग ऑफ फायटर्स 95' खेळताना त्यांनी एका नवख्या जोडप्याला एकतर्फी हरवले आणि त्यानंतर या प्रकारातील कठोरपणाबद्दल ते विचार करू लागले. 1999 मध्ये आलेल्या त्यांच्या खेळात जिवाची पट्टी नाही. मार बसेल तसा टक्का वाढतो आणि टक्का जितका जास्त, तितके पात्र दूर फेकले जाते. मूव्हसाठी एक दिशा आणि एक बटण पुरते. यातील माझ्या दृष्टीने सर्वांत हुशारीची गोष्ट म्हणजे हरण्याचे कारण नेहमी डोळ्यांसमोर असते: पात्र मंचाबाहेर उडाले, परत येण्याचा प्रयत्न केला, पोहोचले नाही. आणि याच मालिकेतील 2001 चा 'मेली' हा आजही स्पर्धेत खेळल्या जाणाऱ्या, हातांची सर्वाधिक परीक्षा पाहणाऱ्या खेळांपैकी एक आहे. प्रवेश सोपा केला की खोली नाहीशी होते, या भीतीला यापेक्षा चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

डेव्हिड सर्लिन यांच्याच 'फँटसी स्ट्राइक'ने आणखी एक धाडस केले. त्यात जिवाची अखंड पट्टी मोजक्या तुकड्यांत विभागलेली आहे, त्यामुळे आणखी किती प्रहार सोसता येतील हे कोणालाही मोजता येते. आणि थ्रो चुकवायचा असेल तर सगळी बटणे सोडून स्वस्थ राहायचे असते. घाबरून बटणे दाबत राहणाऱ्या नवख्याला थांबण्याचे मोल इतक्या थेटपणे सांगणारा दुसरा नियम मला माहीत नाही. तो खेळ फार मोठा झाला नाही, याचे मला वाईट वाटते.

आर्केडच्या काळात हे शिकवण्याचे काम शेजारी उभी असलेली माणसे करत. हरणाऱ्याच्या मागे रांगेत थांबलेला कोणीतरी सांगे की ती लाथ खाली बसून अडव, त्यानंतर तो नेहमी उडी मारतो. 2019 मध्ये एव्हो जपान आणि अमेरिकेतील एव्हो या फायटिंग गेमच्या दोन मोठ्या मेळाव्यांतील 'टेकन 7' स्पर्धा जिंकणारा अर्सलान ॲश लाहोरचा आहे आणि आपल्या देशातील खेळाडूंची पातळी किती उंच आहे, हे त्याने त्या वेळी जगाला सांगितले होते. एकमेकांशी रोज खेळणाऱ्या, एकमेकांना चुका दाखवणाऱ्या माणसांच्या गटातून असा खेळाडू घडतो. घरी एकट्याने ऑनलाइन खेळणाऱ्या नवख्याला असा गट आपोआप लाभत नाही, म्हणून ते काम आता खेळाने स्वतः करायला हवे.

2004 च्या एव्होमधील दाइगो उमेहारा आणि जस्टिन वाँग यांच्या 'स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक'च्या सामन्याची चित्रफीत हा खेळ कधीही न खेळलेल्या लोकांनीही पाहिलेली असते. दाइगोच्या केन या पात्राचा जीव इतका थोडा उरला होता की प्रहार नुसता ब्लॉक केला असता तरी तो संपला असता; अशा वेळी वाँगच्या चुन-ली या पात्राच्या सुपरचे, म्हणजे सर्वांत जोरदार मूव्हचे, 15 प्रहार त्याने एकामागून एक पॅरी केले, म्हणजे प्रत्येक प्रहाराच्या नेमक्या क्षणी प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने जॉयस्टिक ढकलली, आणि उलट कॉम्बो मारून फेरी जिंकली. एवढे एक वाक्य सांगितले की पाहणारा त्या प्रसंगात गुंततो. त्याला फ्रेम माहीत नसतात, कमांड माहीत नसते. पणाला काय लागले आहे आणि त्यातून सुटायला काय करावे लागेल हे मात्र समजलेले असते. फायटिंग गेमचे सौंदर्य समजण्यासाठी हाताचे कौशल्य आधी लागत नाही, याचा हा मला सर्वांत बळकट पुरावा वाटतो.

कोणी मला सुरुवात कशी करावी असे विचारले, तर मी सांगतो की नियंत्रण कोणतेही घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पात्र एकच ठरवा आणि निदान काही आठवडे बदलू नका. पहिल्या सामन्यांत जिंकण्याचे उद्दिष्ट न ठेवता एकच प्रश्न हाती घ्या. तो प्रश्न पुष्कळदा उडीचा असावा: समोरच्याने किती उड्या मारल्या आणि त्यांतील किती आपण पाडल्या. उडी दिसण्याजोगी असते, तिचे उत्तर एका मूव्हमध्ये देता येते आणि सामना हरला तरी उत्तर बरोबर दिले की नाही हे लगेच कळते. उड्या पडू लागल्या की समोरचा जमिनीवरून येऊ लागतो आणि मग ब्लॉक केल्यानंतर पाळी कोणाची, हा दुसरा प्रश्न आपोआप समोर उभा राहतो. त्यासाठी रिप्ले पाहावा, पण सगळा सामना पाहू नये. जिथे जिवाचा सर्वांत मोठा हिस्सा गेला ती एकच जागा शोधावी आणि त्याआधीच्या दोन सेकंदांत आपण कोणते बटण दाबले ते पाहावे. या रीतीने खेळणारी माणसे हरत असतानाही टिकून राहिलेली मी पाहिली आहेत.

आणि खेळ बनवणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे. रिप्लेमधील सूचना आणि फ्रेमचे मीटर आज ज्याला शोधायचे ठाऊक आहे त्यालाच सापडतात. मेनूच्या दोन-तीन थरांखाली ती दडलेली असतात आणि त्यांची भाषा मुरलेल्या खेळाडूंची असते. सामना संपल्यावर 'पुन्हा खेळा' या पर्यायाच्या शेजारीच खेळाने तो एक क्षण दाखवावा, साध्या वाक्यात सांगावे की इथे पाळी समोरच्याची होती आणि तुम्ही ठोसा दाबला, आणि तिथूनच तो क्षण परत खेळून पाहू द्यावा. लागणारे सर्व तंत्र आधीच तयार आहे. ते फक्त नवख्याच्या वाटेवर आणून ठेवायचे राहिले आहे.